बॉटसाठी सब-अकाउंट जरूर काढा, भावासाठी मात्र नको

क्रिप्टो एक्स्चेंजवरच्या तुमच्या खात्याबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. बॉटसाठी, म्हणजे आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रामसाठी, वेगळं सब-अकाउंट (मेन खात्याखालचं, तुमच्याच नावावरचं उपखातं) काढावं का, त्यामुळे फी वाचते का, आणि त्यातलंच एक धाकट्या भावाला चालवायला दिलं तर चालेल का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, कारण बहुतेक एक्स्चेंज फीचा दर ठरवताना मेन आणि सब सगळ्यांची उलाढाल एकत्रच धरतात. तिसरा प्रश्न वाचला आणि मग मात्र राहवलं नाही.

बॉटचं आधी उरकतो. क्रॉस मार्जिनवर (सगळी शिलक तारण धरून) फ्युचर्स, म्हणजे वायद्याचे सौदे, चालू असतील तर पोझिशनचा, म्हणजे चालू सौद्याचा, तोटा वॉलेटमधल्या सगळ्या शिलकीतून भरला जातो. युनिफाइड, म्हणजे सगळी कॉइन एकाच तारणात धरणारं, खातं असेल तर तुम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं बिटकॉइनही तारण म्हणून धरलं जातं. रात्रीत बाजार फिरला की बॉटच्या चुकीपायी तेही विकलं जातं. सब-अकाउंटमध्ये जेवढं टाकलं तेवढंच जातं, मेनला झळ लागत नाही. "आयसोलेटेड मार्जिन (त्या सौद्यापुरतंच तारण) लावलं की झालं, वेगळी चूल कशाला" असं काहीजण म्हणतात. ते एका बॉटपुरतं ठीक. एकाच कॉइनवर एक बॉट खरेदीचा आणि दुसरा विक्रीचा लावून बघा. वन-वे मोडमध्ये, म्हणजे एका कॉइनवर एकाच दिशेचा सौदा ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, दोघांच्या पोझिशन एकमेकींना खातात आणि कोण कमावतोय, कोण बुडवतोय काही कळत नाही. एपीआय की (बॉटला खात्यात शिरायला दिलेली किल्ली) प्रत्येक सब-अकाउंटची वेगळी काढा, तिच्यावरची विथड्रॉवलची परवानगी बंद ठेवा आणि आयपी बांधून टाका, म्हणजे ती ठरलेल्या इंटरनेट पत्त्यावरूनच चालेल.

आता भाऊ.

आमचे साडू वयाने मोठे, स्वभावाने दिलदार, पण हिशेबाचं नाव काढलं की त्यांना डुलकी लागते. सासुरवाडी साताऱ्याला. गौरी जेवणानंतर पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. साडू मोबाइल घेऊन माझ्याशेजारी सरकले. एक्स्चेंजवर त्यांची केवायसी (ओळख पडताळणी) अडकली होती, कारण पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि आधारवर नुसतं नाव-आडनाव. "तुमच्या खात्याखाली मला एक सब-अकाउंट काढून द्या की. पाच मिनिटांचं काम. पैसे माझे, ट्रेडिंग माझं, तुम्हाला काय त्रास?" सब-अकाउंटचं नावसुद्धा ठरवून आणलं होतं, 'गौरी'. मी नाही म्हटलं. कारण सांगायला लागलो तर ते उठून आत गेले. संध्याकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "जावईबापू, एवढंसं काम होतं, का नाही म्हणालात?" बायकोनेही परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. पुढे कितीतरी समारंभांत माझी ओळख 'जरा हात आखडता आहे' अशीच करून दिली गेली.

साडूंनी मग ऑफिसातल्या एका मित्राकडून सब-अकाउंट मिळवलं. आणि गंमत म्हणजे त्यांनी कमावलं! वर्षात दीड लाख नफा. तो मित्राने इमानेइतबारे त्यांना बँकेतून पाठवला. त्याच वर्षी त्या मित्राने स्वतःच्या मेन खात्यात दुसऱ्या कॉइनमध्ये दोन लाख घालवले होते. रिटर्न भरायची वेळ आली. केवायसी मित्राची, पॅन मित्राचा, तेव्हा साडूंचा नफा कागदोपत्री मित्राचाच. 2022 पासून क्रिप्टोवर नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के सेस आहे. एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा होत नाही. दीड लाखावर 46,800. साडूंचं म्हणणं, "तुझा तोटा दोन लाख, माझा नफा दीड, म्हणजे खात्यात तोटाच आहे, मग टॅक्स कसला?" ऐकायला बरोबर वाटतं, कायद्याला मान्य नाही. वर्षभरात साडूंनी बारा लाखांची विक्री केली होती, तिच्यावर 1 टक्क्याने 12,000 टीडीएस कापला गेला होता, तोही मित्राच्या पॅनवर जमा. "तो तर माझ्याच पैशातला," हे साडूंचं म्हणणं मात्र खरं होतं. उरले 34,800. ते कुणी भरायचे यावरून दोघं आता एका डब्यात जेवत नाहीत.

हे आमच्या बायकोला मी रीतसर कागदावर मांडून दाखवलं. ती म्हणाली, "तरी तुम्ही जरा गोड बोलून नाही म्हणायला हवं होतं." असो.

तुम्ही म्हणाल, भाऊ सख्खा आहे, आमच्यात पैशावरून वाद होणार नाही. नसेल होत. पण एक्स्चेंजच्या लेखी तो भाऊ नाहीच, तुम्हीच आहात. बहुतेकांच्या अटींत खातं दुसऱ्याला वापरायला देणं बसत नाही. त्याने पीटूपीवर (थेट माणसा-माणसातल्या व्यवहारात) कुणा भलत्याला यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी बांधलेले कॉइन, विकले आणि ते पैसे फसवणुकीतले निघाले, तर परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून गोठणार ते तुमचं बँक खातं. पगारही त्याच खात्यात येत असेल तर बघा.

आणि हो, सब-अकाउंट म्हणजे तिजोरी नव्हे. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे बडं एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं तेव्हा मेन आणि सब दोन्ही सारखेच अडकले. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर 23 कोटी डॉलरच्या घरातली चोरी झाली, तेव्हाही खातं कितव्या कप्प्यात आहे हे कुणी विचारलं नाही. मी सीए नाही, फ्युचर्सच्या टॅक्सबद्दल तर सीएंमध्येच एकमत नाही, तेव्हा तुमच्या सीएला विचारा. जाताना प्रत्येक सब-अकाउंटचं स्टेटमेंट वेगळं उतरवून त्यांच्याकडे न्या, कारण रिटर्नच्या शेड्यूल व्हीडीएमध्ये (क्रिप्टोसाठीच्या तक्त्यात) खरेदी-विक्रीच्या तारखा मागतात आणि मेनच्या रिपोर्टमध्ये सबचे व्यवहार असतीलच असं नाही.

भावाला स्वतःचं खातं काढू दे. साडूंनी शेवटी आधारवरचं नाव दुरुस्त करून घेतलं आणि त्यांची केवायसी झाली. हे गौरी जेवणाआधीच करता आलं असतं, असं मी कुठल्याच समारंभात बोललेलो नाही.