त्रास काहीच नसताना मूत्रपिंडातील गाठीचे ऑपरेशन करावे का?

पित्ताशयातील खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत आपल्या 61 वर्षांच्या वडिलांच्या उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला 3.8 सेंटीमीटरची घन गाठ दिसली, सीटी स्कॅननेही कर्करोगाचीच शंका व्यक्त केली. पण त्यांना दुखतखुपत काहीच नाही, तेव्हा ऑपरेशन खरेच हवे का आणि संपूर्ण किडनी जाणार का, असे आपण विचारले आहे. मी मूत्ररोग शल्यचिकित्सक आहे; रुग्णाला न तपासता अंतिम सल्ला देता येत नाही, तरी काही गोष्टी निश्चित सांगता येतील.

लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही तीन लक्षणे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केली होती; परंतु ती तिन्ही एकत्र असलेला रुग्ण आता दहांतही एखादाच भेटतो आणि त्याचा आजार बहुधा पुढे गेलेला असतो. निम्म्याहून अधिक गाठी आपल्या वडिलांसारख्याच, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत सापडतात. त्यामुळे त्रास नसणे हा गाठ निरुपद्रवी असल्याचा पुरावा नव्हे. रक्त एकदाच, वेदनेशिवाय जाते आणि आपोआप थांबते, तेव्हा अनेकजण ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जाचे पाणी पीत महिने घालवतात. काहींमध्ये रेंगाळणारा ताप, रक्तक्षय किंवा रक्तातील वाढलेले कॅल्शियम एवढाच सुगावा असतो.

चार सेंटीमीटरपर्यंतची गाठ सोयीच्या जागी असेल, तर केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी ऊतीचा पातळ थर काढून उरलेले मूत्रपिंड वाचवणे हाच आज पहिला पर्याय मानला जातो. त्यासाठी मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने बंद करतात. तांबूस मूत्रपिंड बघता बघता फिकट पडते, परिचारिका मिनिटे मोजू लागते, आणि साधारण 25 मिनिटांच्या आत गाठ कापून, उघडी पडलेली मूत्र गोळा करणारी पोकळी व रक्तवाहिन्या शिवून चिमटा सोडावा लागतो. ऑपरेशन दुर्बिणीतून असो, रोबोटने असो वा पोट उघडून, हा हिशेब बदलत नाही. रक्तस्राव आणि लघवीची गळती हे यातील मुख्य धोके आहेत. गाठ मोठी किंवा मुख्य रक्तवाहिन्यांना लगटलेली असेल, तर मात्र संपूर्ण मूत्रपिंड काढणे श्रेयस्कर ठरते. दुसरे मूत्रपिंड निरोगी असल्यास बहुतेकांचे त्यावर व्यवस्थित निभते.

बायोप्सीशिवाय ऑपरेशन कसे, ही आपली शंका रास्त आहे. सीटी स्कॅनमधील चित्र बहुतेक वेळा पुरेसे बोलके असते, म्हणून आम्ही ती सरसकट करत नाही. परंतु अशा लहान गाठींपैकी सुमारे पाचांतली एक साधी निघते, हेही खरे. वडील 80 वर्षांचे आणि हृदयविकाराने ग्रस्त असते, तर आधी बायोप्सी करून किंवा ठरावीक काळाने स्कॅन करत थांबण्याचाच सल्ला मी दिला असता.

पहिल्या भेटीला सीटीच्या अहवालाबरोबर त्याची सीडी आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल न्या, आणि ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर तेही तेव्हाच सांगा.