अर्धवट विणकाम दाखवताना

तुझं स्वेटर पूर्ण होईपर्यंत थांबू नकोस, जाणकारांना अर्धवटच दाखव. चूक चौथ्या ओळीत कळली तर चार ओळी उसवाव्या लागतात, गळ्यापाशी कळली तर सगळा पाठीचा भाग.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढ. पिवळ्या दिव्याखाली लोकरीचा रंग बदलतो आणि गडद रंगात तर टाकेच दिसत नाहीत. विणकाम सपाट पसरून शेजारी मोजपट्टी ठेव. उलटी बाजूही दाखव, कारण बऱ्याच चुका तिथेच सापडतात. सोबत लोकरीची जाडी, सुई किती मिलिमीटरची आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात, एवढं लिहिलंस की अनुभवी माणसाला अंदाज येतो.

‘कसं झालंय?’ विचारलंस तर ‘छान’ एवढंच ऐकायला मिळेल. नेमकं विचार. समज, क्रोशाची कड आत आत येतेय. बहुतेक वेळा ओळीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या (साखळीसारखे साधे टाके) म्हणजे पहिला खांब, म्हणजे उंच टाका, असतो आणि परतताना त्यावर खांब घालायचा राहून जातो. प्रत्येक ओळीनंतर खांब मोज, बाई!

आणि विकत घेतलेल्या नमुन्याच्या पानाचा फोटो मात्र टाकू नकोस. ती कुणाची तरी मेहनत आहे. नमुना करणाऱ्याचं नाव जरूर दे.