हुकूमशाहीच्या प्रचारपटांत काम करणारा नट दोषी, की परिस्थितीपुढे हतबल?

तुमचा प्रश्न वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला, हाइन्रिश गेओर्ग. नाझी काळातला जर्मनीतला फार मोठा नट. माझ्या मते तो दोषी आहे, आणि हे मी त्याच्या अभिनयाचा चाहता असूनही म्हणतोय.

नोकरीनिमित्त बर्लिनमध्ये होतो तेव्हा १९३३ चा ‘हिटलरयुंगं क्वेक्स’ हा नाझी प्रचारपट पाहिला. जर्मनीत तो आजही आधी अभ्यासकाचं भाषण आणि नंतर चर्चा, या अटीवरच दाखवतात. काहीतरी बटबटीत पाहायला मिळणार असं धरूनच मी गेलो होतो. गेओर्ग त्यात बेकार कम्युनिस्ट बाप आहे. पोरगा हिटलरच्या युवा संघटनेचं गाणं म्हणतो हे कळल्यावर बाप त्याला ‘इंटरनॅशनल’ हे कम्युनिस्टांचं गीत म्हणायला लावतो आणि गाता गाता थोबाडीत मारत जातो. मला त्या बापाचा राग यायला हवा होता. आली ती कीव. इतका खरा, इतका थकलेला माणूस! पुढे इस्पितळात युवा संघटनेचा पुढारी बापाला विचारतो, तुमचा जन्म कुठला? बर्लिनचा. बर्लिन कुठल्या नदीवर? श्प्रे. पण कुठल्या देशात? जर्मनीत, अर्थात. ‘आपल्या’ जर्मनीत, असं तो पुढारी सांगतो, आणि बाप विचारात पडतो. बस, एवढंच. त्याचं मन बदलतंय हे गेओर्गच्या चेहऱ्यावर दिसतं आणि आपल्याला पटतं.

ते का पटतं? कारण दोनच वर्षांपूर्वी, १९३१ मध्ये, ‘बर्लिन आलेक्सांडरप्लात्झ’ या चित्रपटात हाच माणूस तुरुंगातून सुटलेला कामगार फ्रान्झ बिबरकोप्फ झाला होता. ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटातला यंत्रशाळेचा मुकादमही तोच. नाटककार ब्रेख्त, दिग्दर्शक पिस्काटोर या डाव्या मंडळींबरोबर त्याने रंगभूमी गाजवलेली. कामगारांना तो आपला वाटायचा. नाझींनी नेमका तो विश्वास वापरला, आणि त्याने वापरू दिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये बर्लिनच्या शिलर थिएटरचं प्रमुखपद मिळालं. १९४० च्या ‘युड झ्युस’ या ज्यूद्वेष्ट्या चित्रपटात तो ड्यूक झाला. हा चित्रपट सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला, आणि एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलरने एसएस व पोलिसांना तो दाखवण्याचा हुकूम काढला. फेब्रुवारी १९४३ मध्ये प्रचारमंत्री गोबेल्सने ‘सर्वंकष युद्धा’चं भाषण ठोकलं, तेव्हाच्या वृत्तपटात प्रेक्षकांत गेओर्ग दिसतो. आणि ३० जानेवारी १९४५ ला, युद्ध हरल्यात जमा असताना, ‘कोलबेर्ग’ आला. नेपोलियनच्या सैन्याने वेढलेल्या कोलबेर्ग शहराची ही गोष्ट. त्यात तो शरण जाण्यापेक्षा ढिगाऱ्याखाली गाडून घेऊ म्हणणारा म्हातारा नागरिक आहे. खरं कोलबेर्ग शहर मार्चमध्ये पडलं.

त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. राजवटीला नको असलेल्या काही कलाकारांना त्याने आपल्या थिएटरमध्ये काम देऊन सांभाळलं, हे खरं आहे. जर्मन भाषेबाहेर आपण काय करणार, ही भीतीही मी समजू शकतो. पण कोनराड फाइटही जर्मन नटच होता, आणि तो ज्यू बायकोला घेऊन १९३३ मध्येच इंग्लंडला गेला. भीती दोघांनाही होती. गेओर्गने तिच्याबरोबर मानमरातबही घेतला, म्हणून माझ्या मनात त्याला सूट मिळत नाही.

मात्र त्याचा शेवट वाचताना मला आजही गलबलून येतं. सोव्हिएत सैन्याने १९४५ मध्ये पकडलं. कैदेतही त्याने इतर कैद्यांना घेऊन नाटकं बसवली. सप्टेंबर १९४६ मध्ये तो बर्लिनजवळच्या झाक्सनहाउझेनच्या सोव्हिएत छावणीत वारला, वय ५२. दीडेक वर्षापूर्वीपर्यंत तिथे नाझींचीच छळछावणी होती. १९९८ मध्ये रशियाने त्याच्यावरचा ठपका काढला. त्याचा मुलगा ग्योट्झ, तोही मोठा नट, २०१३ च्या एका चित्रपटात स्वतःच्या वडिलांची भूमिका करतो.

तुम्हाला खरंच समजून घ्यायचं असेल तर आधी ‘बर्लिन आलेक्सांडरप्लात्झ’ बघा, मग ‘क्वेक्स’. हाच क्रम ठेवा. आवाज तोच आहे, हात तेच आहेत.