सासूबाईंना स्कूटरवरून हंस दाखवायचेत

प्रश्न : माझ्या सासूबाई हिवाळ्यासाठी पुण्याहून आमच्याकडे ब्रिस्टलला आल्या आहेत. वय ७४. पक्ष्यांचं प्रचंड वेड. गुडघे धड होते तोवर पाषाण तलाव आणि भिगवण कधी चुकवलं नाही. आता थोडं चाललं तरी बसावं लागतं. स्लिमब्रिजच्या पक्षी केंद्रात हंस बघायला जाऊ म्हटलं तर व्हीलचेअरला ठाम नकार. ‘मला कुणी ढकलत न्यायचं नाही,’ म्हणतात. नवरा म्हणतो, मोबिलिटी स्कूटर (चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची गाडी) घेऊ. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. जमेल का? लायसन्स लागतं का? आणि स्कूटर बघून पक्षी उडून जाणार नाहीत ना?
– एक वाचक, ब्रिस्टल

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. संधिवातामुळे मी स्वतः ग्लॉस्टरशरमध्ये स्कूटरवरूनच पक्षी बघत फिरते. व्हीलचेअर ढकलणारा कितीही मायेचा असला तरी कुठे थांबायचं हे तोच ठरवतो, आणि पक्षी बघणाऱ्याचं सगळं सुख थांबण्यात असतं. झुडपात काही हललं की त्याच क्षणी थांबता आलं पाहिजे. ‘जरा मागे घे रे’ म्हणेपर्यंत पक्षी गेलेला असतो.

चालवायला जमेल, खात्रीने जमेल. क्लच नाही, गिअर नाही, तोल सांभाळायचा नाही. हँडलवर अंगठ्याने दाबायची एक पट्टी असते. दाबली की गाडी चालते, सोडली की आपोआप ब्रेक लागतो. वेगाच्या बटणाच्या एका टोकाला कासवाचं चित्र असतं, दुसऱ्या टोकाला सशाचं. दिवसभर कासवावरच ठेवा. पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात आधी थोडा वेळ वळायची सवय करू द्या, आणि तेव्हा घरच्या सगळ्यांनी एकदम सूचना देऊ नयेत. लायसन्स लागत नाही. ताशी ४ मैलांच्या गाड्या फुटपाथवर चालतात. रस्त्यावर ८ मैलांनी जाणाऱ्या मोठ्या गाडीची मात्र डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे, नोंदणी करावी लागते. पण तुम्ही विकत घेऊच नका. स्लिमब्रिजला स्कूटर भाड्याने मिळते, फक्त आधी फोन करून ठेवून घ्यावी लागते. नातवंडांना ‘एक चक्कर’ द्यायची नाही, हेही आधीच सांगून ठेवा. ज्यांना चालायला खरंच त्रास होतो, त्यांच्यासाठीच ही गाडी आहे.

आता पक्ष्यांचं. माझा अनुभव असा की चालत्या माणसापेक्षा स्कूटरवरच्या माणसाला पक्षी कमी बुजतात. मोटारीचा आवाज नसल्यासारखाच असतो, हातपाय हलत नाहीत, वेग एकसारखा राहतो. ते बिचकतात आपण अचानक उठून उभं राहिलो की, किंवा बरोबरची मंडळी बोट दाखवत पुढे धावली की. म्हणून सासूबाईंना पुढे राहू द्या. तुम्ही मागून चला, त्यांच्या वेगाने.

खरी अडचण येते ती हाइडमध्ये, म्हणजे पक्षी बघायच्या लाकडी खोपटात. स्कूटर नाकासमोर खिडकीकडे नेली तर हँडल भिंतीला टेकतं आणि माणूस हातभर मागे राहतो. काचेतून नुसतं आकाश दिसतं. त्यापेक्षा गाडी खिडकीला समांतर उभी करायची, किल्ली बंद करायची, आणि सीटखालचा खटका ओढून सीटच खिडकीकडे फिरवायची. बहुतेक स्कूटरची सीट अशी फिरते, घेताना तेवढं बघून घ्या. किल्ली बंद करणं अजिबात विसरू नका. दुर्बिणीचा पट्टा किंवा कोपर त्या अंगठ्याच्या पट्टीवर पडलं तर गाडी चालू लागते. बऱ्याच गाड्या मागे घेताना बीप बीप वाजतात, त्यामुळे आत शिरतानाच बाहेर कसं पडायचं याचा विचार करून जागा निवडा. दुर्बीण ८ बाय ३२ पुरे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ३२ मिलिमीटर भिंगाची. कोपरं सीटच्या हातांवर टेकली की चित्र अजिबात थरथरत नाही. हे सुख उभ्या माणसाला नाही.

स्लिमब्रिज हे सेव्हर्न नदीच्या मुखाशी, पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९४६ साली उभं केलेलं केंद्र. आर्क्टिक रशियातून येणाऱ्या ब्यूइक हंसांच्या चोचीवरचा पिवळा-काळा नमुना प्रत्येकाचा वेगळा असतो, हे ओळखून त्यांनी १९६४पासून एकेका हंसाची चित्रं काढून नोंद सुरू केली. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्या चोची बघत बसतील. हंस आता पूर्वीइतके येत नाहीत. हिवाळे सौम्य झाल्याने बरेचसे वाटेतच, पूर्वेकडे थांबतात. पोस्टरवरच्यासारखी गर्दी दिसेल असं सांगून नेऊ नका. डिसेंबर-जानेवारी गाठा आणि दुपार उतरताना रशी तळ्यासमोरच्या पेंग ऑब्झर्व्हेटरी या निरीक्षणाच्या खोलीत बसा. ती आतून गरम असते, काच मोठी आहे, आणि संध्याकाळी हंस मुक्कामाला तिथेच उतरतात. त्याच पाण्यात तलवार आणि थापट्या बदकं असतील. भिगवणला बघितलेली ओळखीची मंडळी इथे भेटल्यावर सासूबाईंचा चेहरा बघा.

सकाळी मात्र नेने हंसांकडे जा. हवाई बेटांवरचे हे हंस एके काळी रानात जेमतेम तीसेक उरले होते. स्लिमब्रिजला त्यांची पैदास झाली आणि १९६२ साली काही पक्षी परत हवाईला पाठवले गेले. ते माणसाच्या हातावरचे दाणे खातात. उभ्या माणसाला त्यासाठी वाकावं लागतं. सासूबाईंनी बसल्या बसल्या हात खाली सोडला की काम झालं. मानेवरच्या पिसांच्या खोल तिरप्या रेघा तेवढ्या जवळून दिसतात, नांगरलेल्या शेतासारख्या.

थंडीचं मनावर घ्या. चालणारा माणूस चालून ऊब धरतो, स्कूटरवरचा गारठतो. गुडघ्यांवर शाल हवीच, पण तिची टोकं मांडीखाली दाबून ठेवा. साडी नेसणार असतील तर पदर खोचून, कोटाच्या आत. चाकाजवळ काहीही लोंबता कामा नये. हातमोजे असे घ्या की अंगठ्याला पट्टी जाणवेल. गारठ्यात बॅटरीही लवकर उतरते, म्हणून लांबच्या हाइडची फेरी सकाळीच उरका.

फोन कराल तेव्हा ‘ॲक्सेसिबल आहे का’ एवढंच विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. कुठल्या हाइडच्या दारातून स्कूटर जाते, आत वळायला जागा आहे का, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खिडकी येते का आणि मदतनिसाला तिकीट लागतं का, असं एकेक विचारा.

सासूबाई भारतात परतल्यावर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्या विचारतील. भिगवणच्या होडीत चढउतर आता नको. पुढच्या हिवाळ्यात त्यांना भरतपूरला न्या. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य रस्ता सपाट आणि पक्का आहे, रिक्षा आत जाते, आणि कित्येक रिक्षावाले स्वतःच पक्षी ओळखून दाखवतात. तिथेही ‘थांबा’ म्हणायचा अधिकार त्यांचाच ठेवा, आणि रिक्षा अख्ख्या दिवसासाठी ठरवा.