नाणं पडल्यावर काय मागशील?

प्रिय मित्रा,

फुटबॉल संघाच्या कर्णधाराची पट्टी तुझ्या दंडावर आली, मनापासून अभिनंदन. नाणेफेकीला खरंच काही अर्थ असतो का, असं तू विचारलंस. संघातले काही जण तिला नुसता रिवाज समजतात, हेही लिहिलंस. मला ते पटत नाही. सामन्यातला पहिला निर्णय कर्णधार तिथे घेतो, आणि बरेच जण तो विचार न करताच देऊन टाकतात.

एके काळी नाणं थेट निकालच लावायचं. 1968 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना नेपल्समध्ये जादा वेळेनंतरही 0-0 राहिला. बरोबरी सुटावी म्हणून दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी किक मारायच्या, हा पेनल्टी शूटआउटचा नियम तेव्हा नव्हता. नाणं उडवलं, इटलीचा कर्णधार फाकेत्ती कौल जिंकला आणि इटली अंतिम फेरीत गेली. पुढे विजेतीही झाली. दोन तास बरोबरीने झुंजलेल्या सोव्हिएत खेळाडूंचं काय चुकलं होतं? काहीच नाही. शूटआउट नियमांत आला तो 1970 मध्ये, आणि तो आला हे फार बरं झालं.

आता नाणं फक्त निवड कोणाची एवढंच ठरवतं. फुटबॉलमध्ये 2019 पासून कौल जिंकणाऱ्याला दोन पर्याय आहेत: पहिल्या सत्रात कोणत्या गोलवर चढाई करायची हे ठरव, नाहीतर किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, घे. त्याआधीची अनेक वर्षं फक्त बाजू निवडता यायची. म्हणून मैदानावर लवकर जा. वारा कुठून वाहतोय, सूर्य कोणाच्या डोळ्यांवर येणार, कोणत्या गोलसमोर चिखल आहे, हे स्वतः चालून बघ. तुझ्या गोलरक्षकाला विचार. उन्हाचा त्रास सर्वांत जास्त त्यालाच होतो. वारा दिवस चढेल तसा वाढणार असेल तर तो दुसऱ्या सत्रात पाठीशी हवा. पण वारा पडण्याची चिन्हं असतील तर आत्ताच, पहिल्या सत्रात, पाठीशी घे. प्रेक्षकांचाही विचार कर. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबला अॅनफिल्ड या आपल्या मैदानावर दुसऱ्या सत्रात आपल्या कट्टर पाठीराख्यांच्या ‘कॉप’ स्टँडकडे चढाई करायला आवडते. कौल जिंकलेले पाहुणे कर्णधार कधी कधी मुद्दाम बाजू उलटी मागतात, ती त्याचसाठी.

शूटआउटला नाणं दोनदा उडतं: एकदा कोणत्या गोलवर मारायचं यासाठी, एकदा पहिली किक कोणाची यासाठी. पहिली किक मारणारे साधारण 60 टक्के वेळा जिंकतात, असं 2010 च्या एका अभ्यासात दिसलं होतं आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही. मी असतो तर पहिली किकच मागितली असती, पण ती मिळाली नाही म्हणून कोणाला खांदे पाडू दिले नसते. 2012 च्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या बायर्न म्युनिकने आपल्याच शहरात, आपल्याच चाहत्यांसमोरच्या गोलवर पहिली किक मारली. समोरच्या चेल्सी या इंग्लिश क्लबची पहिली किक तर अडवली गेली. तरी शूटआउट 4-3 असा चेल्सीने जिंकला.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. नियम तुझ्या एकट्याच्या डोक्यात असून भागत नाही. फेब्रुवारी 2024 मधल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम लढतीत, सामना जादा वेळेत गेला. दोन्ही संघांना चेंडूचा ताबा मिळण्याची हमी देणारा नियम नवा होता. सॅन फ्रान्सिस्कोने कौल जिंकून चेंडू आधी घेतला, तीन गुण केले; मग कॅन्सस सिटीने टचडाउन (सहा गुण) करून 25-22 असा सामना खिशात घातला. आधी चेंडू घेणं चूकच होतं असं मी म्हणत नाही, त्यामागे प्रशिक्षकाचा हिशेब होता. पण हरलेल्या संघातल्या काही खेळाडूंनी नंतर सांगितलं की नवा नियम त्यांना माहीतच नव्हता. कॅन्सस सिटीच्या खेळाडूंनी मात्र त्याची आधीपासून उजळणी केली होती. मला हे फार लागलं. वर्षभराची मेहनत पणाला लागलेली असताना आपल्या माणसांना अंधारात ठेवू नये.

आणि कौल हरलास तर? भारताने 2025 ची चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तेव्हा रोहित शर्माने पाचही सामन्यांत नाणेफेक हरली होती. क्रिकेटमध्ये खेळपट्टी आणि दव यांमुळे नाण्याचं वजन फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त, तरीही. तो संघ आधी फलंदाजी आणि आधी गोलंदाजी अशा दोन्हींसाठी तयार होता. तूही आदल्या रात्रीच दोन्ही शक्यता संघापुढे मांड: जिंकलो तर हे मागणार, हरलो तर पहिली दहा मिनिटं असं खेळणार.

एक राहिलंच. फुटबॉलमध्ये जादा वेळेआधी नाणं पुन्हा उडतं. तोवर वारा फिरलेला असतो, ऊन उतरलेलं असतं, पाय जड झालेले असतात. सकाळी ठरवलेलं उत्तर तिथे आपोआप देऊ नकोस; पंचांकडे जाण्याआधी गोलरक्षकाला आणि बचावफळीला पुन्हा एकदा विचारून घे.

सस्नेह,
तुझा प्रशिक्षक