नवी मुंबईत लहान मुलांना आइस हॉकी शिकवणारा क्लब आहे का?

तुमचा लेक नऊ वर्षांचा, राहायला सीवूड्सला, आणि मोबाइलवर सामने बघून बघून हट्ट धरून बसलाय की खेळेन तर आइस हॉकीच. तुम्ही विचारलंय की जवळपास मुलांचा एखादा क्लब आहे का, आणि नसेल तर या वेडाचं करायचं काय. आमच्या घरी हे वेड सहा वर्षं मुक्कामाला आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी नकार देऊन टाकते. पूर्ण मापाची रिंक ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद असते. एवढा बर्फ वर्षभर गोठवून ठेवणारी जागा ना ठाण्यात आहे, ना नवी मुंबईत. मॉलमधल्या बर्फाच्या घरात नेलंत तर पोरगा खूश होईल, पण ती सहल झाली. (आमच्या पिढीतले बरेच जण बर्फावर पहिल्यांदा आपटले ते गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये. मीही.) कुठे प्लास्टिकच्या पाट्यांची रिंक दिसली तर हौस म्हणून जा, त्यावर ब्लेड चालतं, पण बर्फासारखं सरकत नाही आणि धारही लवकर जाते.

आपल्या देशात हा खेळ खऱ्या अर्थानं लडाखचा. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरंसोरं काठ्या घेऊन उतरतात. सुरुवातीच्या काळात लष्करी बुटांना पाती ठोकून खेळायचे. भारत आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य झाला १९८९ मध्ये, आणि पुरुषांचा संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला २००९ मध्ये, अबू धाबीत. मधे तब्बल वीस वर्षं गेली. मुलींनी मात्र २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्य आणलं. देहरादूनला २०११ मध्ये बांधलेली बंदिस्त रिंक बरीच वर्षं बंद होती, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत बर्फ दाखवायचाच असेल तर देहरादून, थंडीत लेह. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. उतरल्या उतरल्या पोराला बर्फावर सोडू नका, दोन दिवस नुसतं बसवून ठेवा.

आता खरं सांगायचंय ते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं कॅनडात, मिसिसॉगाला होतो. शाळेतली सगळी मुलं खेळतात म्हणून आमच्या आठ वर्षांच्या ध्यानालाही घातलं. तिथला मोहल्ल्यातला क्लब म्हणजे कोणी मोठी अकादमी नव्हे. बर्फ तासावर भाड्यानं घेतलेला, तोही पहाटे सहाचा, कारण चांगल्या वेळा मोठ्यांनी अडवलेल्या. बाकी सगळं आईबापांच्या जिवावर. कोणी घड्याळ चालवतंय, कोणी जर्सी धुतंय, कोणी बाकावरच्या पोरांच्या नाड्या आवळतंय. मला नाड्यांचं काम होतं. गुडघ्यावर बसून एकेक नाडी खेचायची, बोटं बधिर. बूट घोट्याशी सैल राहिला तर पाय आत वळतो आणि मूल पाच मिनिटांत रडायला लागतं. पालकांनी काचेमागून ओरडू नये म्हणून एक ऑनलाइन कोर्ससुद्धा करावा लागला! नवरा म्हणाला, आपल्याकडे हा कोर्स सोसायटीच्या वार्षिक सभेआधी ठेवला पाहिजे.

तुम्हाला मारामारीची धास्ती असेल तर ती मोबाइलवरच्या मोठ्यांच्या सामन्यांची आहे. लहानांना अंगावर धडक द्यायची परवानगीच नसते. कॅनडानं २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटातूनही ती काढून टाकली. सात-आठ वर्षांच्यांना तर पूर्ण रिंकही देत नाहीत, अर्ध्यावर खेळवतात, म्हणजे पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) प्रत्येकाच्या काठीला लागतो.

पण मला त्या क्लबातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर तो भोंगा. दर दोन मिनिटांनी भोंगा वाजायचा. वाजला की बर्फावरची पाचही मुलं बाकावर आणि बाकावरची पाच बर्फावर. गोल होत आला असला तरी! सगळ्यात तरबेज पोरगा आणि आमचं ध्यान, दोघांना सारखीच मिनिटं. पहिले दोन महिने आमचा नुसता पडत होता, आणि पडण्याचीही त्याची पूर्ण पाळी होती.

परत आल्यावर ऐरोलीला त्याला चाकांच्या स्केट्सवर हॉकी शिकवणाऱ्या एका क्लासला घातलं. नाव घेत नाही. फी भरली, महागडा किट त्यांच्याकडूनच घेतला, आणि वर्षभरात "राष्ट्रीय" स्पर्धेला म्हणून दुसऱ्या राज्यात घेऊन गेले. चार सामने झाले. आमचा चारही सामने हेल्मेट घालून बाकावर. शेवटी संघाला पदक मिळालं, त्याच्याही गळ्यात घातलं, फोटो काढला. परतीच्या गाडीत त्यानं ते पदक चपलांच्या पिशवीत टाकलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "आई, मी घामेजलोसुद्धा नाही."

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा पदकांच्या कपाटासमोर उभ्या राहू नका. एक पूर्ण सराव सामना बसून बघा आणि सगळ्यात कच्च्या मुलावर नजर ठेवा. ते किती मिनिटं खेळलं? सरांना सरळ विचारा. सर हसले किंवा "आधी स्किल येऊ द्या मॅडम" म्हणाले, तर काढता पाय घ्या. दहावीच्या वाढीव गुणांचं आमिष कोणी दाखवलं तर ते प्रमाणपत्र त्यासाठी चालतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः विचारून या.

खेळ कुठला शोधायचा? इनलाइन हॉकी. एका रांगेत चार चाकं असतात ते स्केट्स, बर्फावरच्यासारखीच काठी, आणि गोलकीपर सोडून चार-चार जण. रोलर हॉकी म्हणून आणखी एक प्रकार आहे, त्यात दोन-दोन चाकांचे जुने स्केट्स, आखूड वाकडी काठी आणि चेंडू. तोही छान, पण तुमच्या लेकाला बर्फाचं स्वप्न आहे, तर इनलाइन जवळचं. पुढे ढकलणं, वळणं, डोकं वर ठेवून काठी चालवणं हे सगळं बर्फावर कामाला येतं. अडतं ते थांबण्यापाशी. बर्फावर दोन्ही ब्लेड आडवी करून खरवडत थांबतात, चुरा उडतो तो त्याचाच. चाकांवर तसं करायला गेलं तर चाक पकड घेतं आणि मूल तोंडावर येतं. म्हणून वर्षभर चाकांवर खेळलेलं मूल बर्फावर सुसाट सुटतं आणि थेट कठड्याला जाऊन भेटतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

काठी विकत घेताना एक लक्षात ठेवा. मैदानी हॉकीत काठीची एकच सपाट बाजू चालते, इथे दोन्ही. आणि डावी की उजवी हे दुकानदाराला ठरवू देऊ नका. घरातला केरसुणीचा दांडा मुलाच्या हातात द्या आणि जमिनीवरचं काहीतरी ढकलायला सांगा. खालचा हात कुठला येतो ते बघा, ती त्याची बाजू. उंची: अनवाणी उभा असताना नाकापर्यंत.

सध्या आम्ही काय करतो ते सांगते. त्या क्लासातून बाहेर पडलेली पाच-सहा घरं मिळून दर रविवारी सकाळी साडेसहाला एका सोसायटीच्या सिमेंटच्या कोर्टावर खेळवतो. पेव्हर ब्लॉकवर अजिबात खेळवू नका, फटीत चाक अडकतं. गोलपोस्ट पीव्हीसी पाइपचे, जाळं सारसोळ्याच्या एका कोळी मावशींनी विणून दिलं. त्या म्हणाल्या, "यातून बोंबील निसटंल, तुमचा बॉल नाय निसटायचा." नाही निसटला अजून. खडबडीत जमिनीवर पक उलटापालटा होतो, म्हणून कडक नारिंगी चेंडू वापरतो. भोंगा म्हणजे माझा मोबाइल, दोन मिनिटांचा गजर लावलेला. आठ वाजता क्रिकेटवाले आले की आवरायचं. जूनपासून चार महिने सगळं बंद, तेव्हा पार्किंगमध्ये स्केट्सशिवाय नुसती काठी-चेंडू. सेक्रेटरी बघून न बघितल्यासारखं करतात.

बर्फाचे स्केट्स मात्र आत्ता घेऊ नका. पाय दर वर्षी वाढतो, आणि आपल्या दमट हवेत जुलैत ब्लेडला गंज धरतो. धार लावायची सोयही इथे नाही. त्या ब्लेडला एक धार नसते, मधे पन्हळ आणि दोन्ही कडांना दोन धारा असतात. सायकलवरच्या धारवाल्याला मी एकदा दाखवलं होतं. त्यानं उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाला, "ताई, याने कापता काय?" मी मुकाट्यानं परत आणलं.

ते स्केट्स अजून माळ्यावर आहेत, तेल लावून जुन्या चादरीत गुंडाळलेले. आमच्याला आठव्या वर्षी बसायचे. देहरादूनला जायचं ठरलं तर खाली कमेंटमध्ये मुलाच्या पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये टाका, जुळलं तर घेऊन जा. आणि रविवारी त्याला घेऊन नुसतं बघायला आलात तरी चालेल. हेल्मेट तेवढं आणा, बाकीचं जास्तीचं पडलेलं आहे. ग्लव्ह्जना वास येतो, तेवढं सहन करा.