बेसिन बाहेर असलं तरी कप आतच रिकामा करा

प्रश्न: ताई, मी राजारामपुरीत एका छोट्या ऑफिसात जॉब करते. बरेच महिने झाले मेन्स्ट्रुअल कप (पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायचा छोटा मऊ कप) वापरते, घरी काहीच प्रॉब्लेम येत नाही. पण ऑफिसात बायका-पुरुष सगळ्यांना मिळून एकच वॉशरूम आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये, तिथं कायम कोण ना कोण उभं असतंच. कप धुवायचा कुठं? शिवाय कामासाठी एसटीनं सांगली-साताऱ्याला जावं लागतं, काही स्टँडवरची टॉयलेटं बघूनच पोटात गोळा येतो. बाहेर असताना परत पॅडच वापरू का?

उत्तर: अगं, तुला कप जमलाय ना, मग कशाला सोडतेस! पहिलं म्हणजे कप घेऊन बेसिनपर्यंत जायचंच नाही. घरी साबणानं धुतो म्हणून बाहेरही दरवेळी तसाच धुतला पाहिजे असं आपल्याला वाटतं, पण तशी गरज नसते. आत जायच्या आधी बाहेरच्या बेसिनवर साबणानं हात धू, दोन मिनिटं लागली तरी चालतील पण हे चुकवू नको, कारण टॉयलेट कितीही घाण असलं तरी ती घाण आपोआप कपात जात नाही, ती जाते हातावरून. पाण्याची छोटी बाटली आणि टिश्यू आत घेऊन जा. कडीला हात लावायच्या आधी टिश्यू बोटांत धर, तेवढ्यासाठी धुतलेले हात परत खराब नको करूस. कप काढताना नुसतं खालचं टोक धरून ओढू नको, बुडाला चिमटा घेऊन हवा सुटू दे, मग हळूच बाहेर. कमोडमध्ये ओतायचं, बाटलीतलं पाणी वरून सोडायचं, परत बसवायचा. पाणी नसेल तर टिश्यूनं पुसून घातला तरी चालतं, साबणानं धुणं रात्री घरी. सॅनिटायझर किंवा वासाचे वाइप्स मात्र कपाला लावायचे नाहीत, आत आग होते. बाहेर पडताना बोटं पुसून घे, मग बेसिनवर कोण का उभं असेना, तू फक्त हात धुणार आहेस.

आणि मुळात बाहेर कप काढायची वेळ फार येऊच नये. बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त १२ तास सांगतात. सकाळी ८ ला घालून निघालीस तर संध्याकाळी ७ पर्यंत घरी येऊन काढता येतो. कपात साधारण २० ते ३० मिली मावतं आणि अख्ख्या पाळीत बहुतेकींचं ३० ते ८० मिली जातं, म्हणजे पहिले दोन दिवस सोडले तर बराच वेळ निघतो. त्या दोन दिवसांत सोबत पातळ पॅड लाव आणि एसटी पकडायच्या आधी घरीच रिकामा करून घे. स्टँडवर जावंच लागलं तर भारतीय बैठकीचं टॉयलेट बघ, उकिडवं बसलं की कप खाली सरकतो, काढायला उलट सोपं जातं, आणि कशाला टेकावंही लागत नाही. कप हातातून निसटून भांड्यात पडलाच तर पाण्यानं धुवून परत घालायचा नाही, त्या दिवशी पॅड. म्हणून पर्समध्ये एक असू दे. तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांशी बोल, कप काढताना ती सरकू शकते. आणि कप आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ, चक्कर असं काही झालं तर कप काढून लगेच दवाखाना, हे फार क्वचित होतं पण थांबायचं नाही.

प्रश्न: मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मताना मुलगी म्हणून नोंद झाली पण मी पुरुष आहे, आणि मला पाळी येते. गोकुळ शिरगावला कंपनीत आहे. जेंट्समध्ये जातो, तिथं पॅड टाकायला डबाच नसतो. कप बरा पडेल का?

उत्तर: हो भावा, तुझ्यासाठी तर फारच बरा, कारण टाकायचं काही नाही, रॅपरचा आवाज नाही आणि दिवसभर बघावं लागत नाही. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू असेल तर आत कोरडेपणा येतो, घालताना दुखू शकतं, मग पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट लाव, सिलिकॉनचं नको, त्यानं कप खराब होतो. आणि घालायच्या नुसत्या विचारानंच मन घट्ट होत असेल तर स्वतःवर जबरदस्ती करू नकोस, पिरियड पँटी मिळतात, त्या घरी नेऊन धुता येतात.

पण डब्याचा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही, तो कंपनीनं सोडवायचाय. ट्रान्स व्यक्तींसाठी वेगळ्या सार्वजनिक टॉयलेटची सोय करा असं सुप्रीम कोर्टानं ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालातच सरकारला सांगितलंय, आणि ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०२० च्या सरकारी नियमांप्रमाणे कंपनीनं समान संधीचं धोरण करायचं असतं, त्यात युनिसेक्स टॉयलेटसारख्या सोयी लिहायच्या असतात. एचआरकडे स्वतःचं काही उघड न करताही मागता येतं: प्रत्येक टॉयलेटच्या आत झाकणाचा डबा, आत नळ आणि नीट लागणारी कडी. राजारामपुरीच्या ताईनं पण आपल्या ऑफिसात हेच तीन मागावेत.